कमी पाण्यावरची वाइन

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितली. हे ज्या मुलखाच्या अजून लक्षात आहे, तिथे कुणी म्हणालं की आम्ही वाइनची द्राक्षं लावलीत, वाइनरी घरचीच आहे आणि सगळं शाश्वत पद्धतीने चाललंय, तर ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडणारच. प्यायला पाणी नाही आणि हे दारूची बाग लावतात!

ही शंका रास्त आहे. तिला उत्तर द्यायचं तर वाइनच्या द्राक्षाला पाणी किती लागतं, कोणत्या महिन्यात लागतं आणि ते येतं कुठून, इथपासून सुरुवात करावी लागते. माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठवाड्याच्या मुरमाड रानाला वाइनचं द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त मानवतं. पण बाग शाश्वत आहे की नाही, हे मे महिन्यात तिला पाणी कुठून मिळतं त्यावर ठरतं. आणि अशी बाग परवडते ती वाइनरी त्याच कुटुंबाच्या हातात असली तर.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून एक कुटुंब डोळ्यांपुढे धरू. जालना जिल्ह्यात माळावर दोन भावांची मिळून चार एकर वाइनची बाग, दोन शेततळी, एक विहीर आणि बांधाला लागून छोटी वाइनरी. कुटुंब कल्पनेतलं आहे, आकडे मात्र वास्तवाला धरून आहेत.

मणी लहान का हवा

खाण्याच्या द्राक्षाचा सगळा खेळ मण्याच्या आकाराचा. थॉम्पसन असो, सोनाका असो की माणिक चमन, व्यापारी बागेत आला की आधी मणी किती मिलिमीटरचा आहे ते बघतो. त्यासाठी घड जिबरेलिक अ‍ॅसिडमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातल्या ‘जीए’मध्ये, बुडवायचे, मण्यांची विरळणी करायची आणि फुगवणीच्या काळात पाणी-खत सढळ हाताने द्यायचं. मजूर, औषध आणि पाणी, तिन्हींचा मोठा वाटा या फुगवणीत जातो.

वाइनला बरोबर याच्या उलट हवं. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों यांसारख्या लाल वाइनच्या जातींचा रंग सालीत असतो, सुवासाचा मोठा भाग सालीत असतो, तुरटपणा साल आणि बी मिळून देतात. मधला गर म्हणजे मुख्यतः पाणी, साखर आणि आंबटपणा. आता गणित करून बघा. १८ मिलिमीटरचा मणी आणि १२ मिलिमीटरचा मणी यांची तुलना केली, तर तेवढ्याच रसामागे लहान मण्यात साल दीडपट येते. मणी फुगवला की सालीच्या मानाने रस जास्त वाढतो आणि वाइन पांचट होते. म्हणून इथे जीए नाही, मण्यांची विरळणी नाही, फुगवणीचं पाणीही नाही. एकरी दहा-बारा टन खाण्याची द्राक्षं काढणाऱ्या बागायतदाराने वाइनसाठी चार-पाच टनांवर मुद्दाम थांबायचं असतं. जास्तीचे घड कोवळे असतानाच काढून टाकायचे. आयुष्यभर टनात मोजलेल्या माणसाला हे घड कापताना जीव तुटल्यासारखं होतं, आणि ते अगदी समजण्यासारखं आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. वेलाला थोडं कमी पाणी दिलं तर खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडतो, वाइनच्या द्राक्षाचा दर्जा सुधारतो. उसाला हंगामभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, आणि आपल्याकडे पाऊस पडतो सरासरी सातशेच्या आसपास, तोही काही वर्षांत निम्म्यावर येतो. ठिबकवरची वाइनची बाग उसाच्या निम्म्याहून कमी पाण्यात भागते. लातूर-बीड-धाराशिवकडे उसाच्या मळीतूनही शेवटी अल्कोहोलच निघतं. त्यामुळे पाण्याचा जाब विचारायचा असेल तर तो फक्त द्राक्षाच्या बाटलीला विचारणं मला न्याय्य वाटत नाही.

कमी पाणी द्यायचं म्हणजे वेल वाळवायचा, असा मात्र अर्थ काढू नये. साखर पानात तयार होते. पानंच सुकली तर मणी लहान राहील, पण गोडही होणार नाही. ताण द्यायचा तो मापून आणि वेळ बघून. फळधारणा झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडून रंग धरायला लागेपर्यंत, पाणी थोडं हात राखून द्यायचं. या काळात मण्याची जी वाढ खुंटते ती पुढे कितीही पाणी दिलं तरी पूर्ण भरून येत नाही. आपल्याला हवं असतं ते हेच. शेंड्याकडे बघून अंदाज बांधता येतो. तणावे, म्हणजे वेल आधाराला धरतो ते तंतू, शेंड्याच्या पुढे गेलेले आणि ताठ असले की वेल जोमात आहे. ते मलूल होऊन शेंडा त्यांच्या बरोबरीला आला की वाढ थांबायला लागलीय. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, तर ताण हाताबाहेर गेला.

मे महिन्याचा हिशेब

युरोपात हिवाळ्यात वेलाची पानं गळतात, वेल झोपतो आणि वर्षाला एकच छाटणी पुरते. आपल्याकडे तेवढी थंडी नसल्याने वेल वर्षभर हिरवा राहतो. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत बसली. एप्रिलमध्ये खरड छाटणी. जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलाच्या जाड आडव्या फांदीपर्यंत, कापून टाकायच्या आणि नव्या काड्या वाढवायच्या. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. ती तयार काडीवर घेतात आणि त्यातून घड बाहेर येतात. हिवाळ्यात दिसणाऱ्या घडाचा पाया मे-जूनमध्येच पडलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. या दिवसांत काडीला ऊन लागलं नाही, नत्र जास्त झालं किंवा वेल फार तहानला, तर डोळा फुटतो पण घड येत नाही, नुसती काडी येते.

म्हणजे वेलाला नवी फूट वाढवायला पाणी हवं नेमकं एप्रिल-मेमध्ये. विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाच.

आता आपल्या कुटुंबाचा हिशेब मांडू. उन्हाळ्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला दहा मिलिमीटरने उतरतं असं धरलं, तर फूट वाढण्याच्या पहिल्या चाळीस दिवसांत बागेला ठिबकमधून एकरी दिवसाला साधारण सतरा हजार लिटर पाणी लागतं. चाळीस दिवसांचे झाले पावणेसात लाख लिटर. पुढे घडनिर्मितीच्या काळात पाणी एक तृतीयांशावर आणायचं, हे वेलाच्या भल्याचं असतं. महिनाभराचे आणखी पावणेदोन लाख. म्हणजे पाऊस स्थिरावेपर्यंत एकरी साडेआठ लाख, चार एकरांना चौतीस लाख लिटर.

तळ्यात किती आहे? ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार, अशा शेततळ्यात काठोकाठ २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावतं. दोन तळ्यांचे झाले सुमारे चव्वेचाळीस लाख. कागदावर दहा लाख शिल्लक दिसतात. पण तळं काठोकाठ असताना पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो आणि मे महिन्यात त्यावरून रोज नऊ हजार लिटर पाणी हवेत उडून जातं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, पातळी खाली जात जात, एका तळ्यातून सहा-सात लाख लिटरची वाफ होते असं धरायला हरकत नाही. दोन तळ्यांचे तेरा लाख. उरले एकतीस लाख. गरज चौतीसची.

तीन लाख लिटर कमी पडले, आणि शाश्वत शेतीचं खरं काम या तीन लाखांपासून सुरू होतं. सोपा मार्ग म्हणजे आणखी एक बोअर पाडायचा. दुसरा मार्ग जिकिरीचा आहे. बोदावर, म्हणजे वेलांच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, उसाचं पाचट किंवा बारीक केलेल्या काड्यांचा जाड थर द्यायचा, म्हणजे जमिनीवरून उडणारं पाणी वाचतं. तळ्यावर शेडनेट ताणायचं. दोन उथळ तळ्यांऐवजी जमेल तिथे एक खोल तळं करायचं, कारण पाणी उडतं ते पृष्ठभागावरून. ठिबकच्या नळ्या आच्छादनाखालून न्यायच्या. पाणी रात्री सोडायचं. यातलं कोणतंही एक केलं तरी थोडंच वाचतं, सगळं मिळून केलं तर तीन लाखांची तोंडमिळवणी होते. नाहीच झाली तर बाग साडेतीन एकरच ठेवायची. हे ऐकायला कडू लागतं, पण पाण्याच्या मापाने बाग कापायची तयारी नसेल तर बाकीच्या शाश्वतपणाला फारसा अर्थ राहत नाही.

तळं भरलं कशाने

याहून अवघड प्रश्न हा आहे. प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं शेततळं दिसायला छान दिसतं. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी त्यात वळवलं असेल तर चांगलंच आहे. पण कितीतरी ठिकाणी ही तळी विहिरीतून नाहीतर बोअरमधून उपसून भरली जातात. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्या शिवाराचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात उन्हात ठेवायचं आणि त्यातलं तिसऱ्या हिश्श्याएवढं उडू द्यायचं. मराठवाड्याच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांमध्ये आणि मुरमात जेवढं मावतं तेवढंच पाणी, वाळूच्या प्रदेशासारखा मोठा साठा इथे नाही. एकाने ओढलं की शेजाऱ्याची विहीर खाली जाते, हे कुणालाही शिकवावं लागत नाही.

याला चांगलं उत्तर जालना तालुक्यातल्याच कडवंची गावाने दिलं. तिथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. डोंगरउतारावर चर खोदले, बांधबंदिस्ती केली, नाले अडवले. विजयअण्णा बोराडे यांचं मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र या कामामागे होतं. शेततळी आणि द्राक्षबागा वाढल्या त्या या कामाच्या आधारावर. २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूला फळबागा वाळत असताना कडवंचीतल्या बागा तग धरून होत्या. कडवंचीची द्राक्षं खाण्याची आहेत, वाइनची नव्हेत. पण जो धडा घ्यायचा तो क्रमाचा आहे. आधी शिवारात पाणी मुरवलं, मग साठवलं, मग बाग वाढवली.

एका एकरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला की अठ्ठावीस लाख लिटर पाणी आलं. आपल्या कुटुंबाच्या चार एकरांवर आणि वरच्या पडीक माळावर जे पडतं, त्यातलं थोडं जरी अडवलं आणि वळवलं तरी दोन्ही तळी पावसावर भरतात. वाइनरीच्या पत्र्यावरचं पाणीसुद्धा सोडायचं कारण नाही.

छाटणीची तारीख

गोडी छाटणी कधी घ्यायची, यावर पुढचे पाच महिने ठरतात. छाटणीपासून काढणीपर्यंत जातीनुसार १३० ते १५० दिवस लागतात. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या जाती लवकर येतात, कॅबरने उशिरा येते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटली तर द्राक्ष जानेवारीच्या थंडीत पिकतं. रात्री गार असल्या की मण्यातला आंबटपणा टिकतो, रंग चांगला भरतो. पण सप्टेंबर हा मराठवाड्यात भर पावसाचा महिना. कोवळी फूट पावसात सापडली की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. ऑक्टोबर संपता संपता छाटली तर पावसातून सुटका होते, पण मग द्राक्ष मार्चच्या उन्हात पिकतं. साखर झपाट्याने चढते, आंबटपणा पडतो, रंग फिका राहतो. शिवाय फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीची टांगती तलवार असते. २०१४ मध्ये याच दिवसांत मराठवाड्यातल्या बागा आणि उभी पिकं गारांनी झोडपून निघाली होती, ते विसरण्याजोगं नाही. म्हणून शहाणा बागायतदार चारही एकर एका दिवशी छाटत नाही. पांढऱ्या जाती वेगळ्या, लाल वेगळ्या, टप्प्याटप्प्याने छाटतो. त्यामुळे काढणीही टप्प्याने येते आणि छोट्या वाइनरीच्या टाक्यांवर एकदम भार पडत नाही.

डाऊनी, भुरी आणि मोरचूद

डाऊनीचा पहिला डाग ओळखायला पान उन्हाकडे धरून बघायचं. वरून फिकट पिवळा, तेल सांडल्यासारखा डाग दिसतो. पान उलटं केलं की सकाळच्या दमट हवेत त्याच जागी पांढरी बुरशी दिसते. पानावर काही तास पाणी टिकलं आणि हवा वीस-पंचवीस अंशांची असली की तो पसरतो. फुलोऱ्यात आलेल्या घडावर बसला तर घड कुजतो, वर्ष गेलं.

यावर सगळ्यात जुनं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण, मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्दो भागात १८८० च्या दशकात ते वापरात आलं आणि सेंद्रिय शेतीतही त्याला परवानगी आहे. पण ‘सेंद्रिय’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो, तिथे थोडं थांबायला हवं. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद. एकरी चारशे लिटर फवारलं तर चार किलो मोरचूद गेलं, त्यात तांबं एक किलो. हेक्टरचे झाले अडीच किलो. युरोपीय संघाने तांब्याला घातलेली मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो. पूर्ण मात्रेच्या दोनच फवारण्यांत आपण तिच्या पुढे जातो. तांबं कुजत नाही, उडून जात नाही, वरच्या थरात साठत राहतं आणि गांडुळांना व जमिनीतल्या जीवजंतूंना जाच करतं. मेंढ्यांना तर तांबं फारच लवकर बाधतं. धनगरांच्या मेंढ्या रानात बसवण्याची आपल्याकडची जुनी चांगली पद्धत आहे, पण बोर्डो मारलेल्या बागेत गवत खायला मेंढ्या सोडल्या तर त्या दगावू शकतात.

म्हणून औषधाआधी हवा. वाइनच्या बागेत घडाभोवतीची पानं, विशेषतः सकाळच्या उन्हाच्या बाजूची, काढतात. दव लवकर वाळतं, घडाला वारा लागतो, डाऊनी आणि भुरी (पांढऱ्या भुकटीसारखा दिसणारा दुसरा बुरशीचा रोग) दोन्हींचा जोर कमी होतो. दुपारच्या बाजूची पानं मात्र ठेवायची, नाहीतर मणी भाजतात. जास्तीची फूट वेळेवर काढायची. मग पानं ओली राहतील असा हवामानाचा अंदाज असेल तेव्हाच फवारायचं, आठवड्याचा वार बघून नाही. भुरीला गंधक चालतं, पण कडक उन्हात मारलं तर पान जळतं. पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीसाठी खोडाची सुटी साल काढून टाकायची, मुंग्यांची ये-जा तोडायची, कारण ढेकणाचा गोड चिकटा खाण्यासाठी मुंग्याच त्याला सांभाळतात. आणि क्रिप्टोलीमस हा भुंगेरा सोडायचा, तो पिठ्या ढेकूण खातो. तो सोडल्यावर जहाल कीटकनाशक मारलं तर आधी मरतो तो हाच.

वाइनरी घरची असली की फवारणीचा हात आपोआप आखडतो. काढणीच्या तोंडावर गंधक मारलेली द्राक्षं टाकीत गेली की आंबताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. काही बुरशीनाशकांचा अंश राहिला तर किण्वन करणारं यीस्टच अडखळतं. बागेत धाकट्या भावाने केलेली घाई टाकीपाशी थोरल्याच्या नाकाला कळते.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो. भारी काळी माती वाइनला नको. ती पाणी धरते, वेल माजतो. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन बरी. मुळाशी जंगली जातीचा खुंट लावून त्यावर कलम भरतात, कारण तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो. डॉगरिज हा खुंट आपल्याकडे सर्रास आहे, पण तो फार जोमाचा, वेलाची सावली वाढवतो. वाइनसाठी ११० आर बरा मानतात. दोन ओळींमध्ये पावसाळ्यात ताग किंवा चवळी घेऊन तिथेच कापून टाकायची. छाटलेल्या काड्या बांधावर पेटवून देण्याची सवय सोडून बारीक करून बोदावर पसरायच्या.

टाकीतला भाग

काढणीच्या आधी दोन आठवडे बागेत रोज मणी चाखायचे असतात. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की साखरेचा आकडा दिसतो. २२ ते २४ ब्रिक्सला लाल द्राक्ष काढतात. पण आकडा पुरेसा नसतो. मणी फोडून बी बघायची. हिरवट असेल तर तुरटपणा कच्चा आहे. तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत फुटली तर पिकली. साल दोन बोटांत चोळली की रंग सुटायला हवा. काढणी पहाटे करायची. गार द्राक्ष आत आलं तर ते थंड करायला लागणारी वीज वाचते, आणि वाइनरीचं विजेचं बिल मुख्यतः थंड करण्याचंच असतं. पांढरी वाइन पंधरा अंशांच्या आसपास आंबवावी लागते. सौर पॅनेल दिवसा टाक्या थंड करण्यासाठी वापरले तर त्यांचा चांगला उपयोग होतो, कारण ऊन आणि गरज एकाच वेळी येतात.

लाल द्राक्ष सालीसकट आंबवतात, पांढरं आधी दाबून नुसता रस घेतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. तेवीस ब्रिक्सच्या द्राक्षातून साधारण तेरा टक्के अल्कोहोलची वाइन होते. बागेच्या नावाखाली ही गोष्ट दडवू नये. तेरा टक्के म्हणजे दारूच आहे. दारूने घरं मोडलेली गावं मराठवाड्यात आहेत, आणि ‘फळांचा रस’ म्हणून वाइनची जाहिरात करणं मला पटत नाही.

टाक्या, नळ्या, फरशी धुण्यात एक लिटर वाइनमागे कित्येक लिटर पाणी सहज जातं. आच्छादन पसरून वाचवलेलं पाणी इथे नळाखाली घालवायचं का, हा प्रश्न प्रत्येक वाइनरीने स्वतःला विचारायला हवा. ब्रशने आधी कोरडं घासायचं, दाबाच्या पाण्याने धुवायचं, शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या टाकीच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. सांडपाणी आंबट असतं, त्यात साखर-यीस्ट असतं, ते थेट ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो. शुद्ध करून ते बांधावरच्या झाडांना देता येतं. सोळा टन द्राक्षातून तीन-चार टन चोथा निघतो. शेणात मिसळून कुजवला की तो बागेत परत जातो. आणि बाटली हलकी घ्यायची. जड बाटलीने वाइन भारी वाटते एवढंच, तिच्या काचेसाठी भट्टीत जळलेलं इंधन मात्र खरं असतं.

घरची वाइनरी का लागते

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि वाइनच्या द्राक्षाची लाट आली. करार झाले, लागवडी झाल्या. २००८ नंतर मंदीत मागणी घसरली, वाइन टाक्यांत पडून राहिली, द्राक्षाला घेणारा उरला नाही आणि अनेक शेतकऱ्यांनी बागा उपटल्या. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, गावात विकता येतं. वाइनचं द्राक्ष बियांचं, जाड सालीचं, लहान. बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला बाग कितीही निगुतीने केली तरी टिकाव लागत नाही.

चार एकरांतून सोळा टन द्राक्ष, त्यातून सुमारे दहा हजार लिटर, म्हणजे तेरा-चौदा हजार बाटल्या. मोठ्या कंपनीला हा आकडा किरकोळ आहे, एका कुटुंबाला तो पेलण्याजोगा आहे. पण पैसा उशिरा येतो. कलम भरल्यापासून वाइनजोगं पीक तिसऱ्या वर्षी, मग लाल वाइन वर्ष-दीड वर्ष मुरवायची, मग विक्री. चार-पाच वर्षं घर दुसऱ्या उत्पन्नावर चालवावं लागतं. म्हणून ज्यांच्याकडे कापूस-सोयाबीन, दूध किंवा नोकरीचा आधार आहे आणि बाकीचं रान शाबूत आहे, त्यांनीच यात पडावं. कर्ज काढून सगळंच्या सगळं रान या पिकाखाली आणणाऱ्याला मी हात जोडून थांबवीन. विक्रीचा रस्ताही सरळ नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे परवाने, वितरकांचं कमिशन. मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा जानेवारी २०२२ चा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय विरोधामुळे पुढे सरकला नाही. छोट्या वाइनरीला बागेवर येणारा पाहुणा हाच सगळ्यात चांगला गिऱ्हाईक, आणि अजिंठा-वेरूळला येणारा प्रवासी जालन्यापासून फार लांब नसतो.

अशा बागेत पाहुणे म्हणून गेलात तर चाखण्याआधी काही गोष्टी विचारा. तळं पावसाने भरतं की मोटारीने? मे महिन्यात शेजारच्या विहिरीत पाणी असतं का? वर्षात बोर्डो किती वेळा मारला? एक लिटर वाइनमागे धुण्याला किती पाणी जातं, आणि ते मोजायला मीटर बसवलाय का? पाणलोटाच्या कामात गावाबरोबर तुम्ही काय केलंत? मनापासून काम करणारं कुटुंब असेल तर ते नोंदवही आणून पुढे ठेवील, आणि जमलं तर तळ्यावरही घेऊन जाईल.